आजोबांचा कॅमेरा की सेकंडहँड डीएसएलआर?

माळा आवरताना जुना रोलचा कॅमेरा हाती लागला की प्रश्न येतोच. यातच रोल घालून शिकावं, की पैसे जमवून सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, घ्यावा? कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच हळवा होतो. मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः सिनेकॅमेरा बनवला, तिथं फिल्मला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण आधी हे ठरवा, की फोटो कशाचे काढायचेत.

खासबाग मैदानातली कुस्ती किंवा जोतिबाची चैत्र यात्रा मनात असेल, तर डिजिटलच. डाव लागेपर्यंत रोलमधल्या ३६ पैकी निम्मे फोटो संपलेले असतात. उजेड उतरला की ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता) रोल १६०० चा समजून वापरावा आणि जास्त वेळ धुवावा लागतो, म्हणजेच पुश करावा लागतो, आणि सावल्या काळ्याठिक्कर होतात. डिजिटलला आयएसओ दर फोटोला बदलता येतो. फक्त गुलालाला सांभाळा. डिजिटल फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलांचा बनतो आणि गुलालाचा रंग लाल चॅनेल आधी भरून टाकतो. एरवीचा हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, ठीक दिसतो आणि घरी येऊन बघावं तर चेहऱ्यावर नुसता सपाट गुलाबी डाग. लाल चॅनेल वेगळा बघा, एक्स्पोजर (आत येणारा उजेड) थोडं कमी ठेवा, रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आणि गुलालात लेन्स बदलू नका, काय वाट्टेल ते झालं तरी.

रंकाळा तलावावरच्या संध्याकाळी मात्र फिल्म भाव खाते. पाण्यावरची चमक निगेटिव्हमध्ये हळूहळू विरघळते. डिजिटलच्या सेन्सरवर जास्त उजेडानं जळलं ते गेलंच. म्हणून निगेटिव्हवर सावली बघून एक्स्पोजर द्यायचं, डिजिटलवर उजेड बघून. एकीकडून दुसरीकडे जाणारे हमखास इथंच ठेचकाळतात.

रोल धुण्याची भीती वाटत असेल तर ती काढून टाका, निदान ब्लॅक अँड व्हाइटपुरती. अंधार फक्त रोल धुण्याच्या बंद डब्यात भरेपर्यंत लागतो, तेवढ्याला चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायची काळी पिशवी, पुरते. एचपी-५ हा ब्लॅक अँड व्हाइट रोल न पातळ केलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, २० अंशांला साडेसात मिनिटं. मग डेव्हलपर थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो, भरपूर पाणी. आपल्याकडं एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतून २० अंशांचं पाणी कुठून येणार? बर्फाच्या बादलीत बाटल्या बसवायच्या. माझ्या पहिल्या रोलला मी डेव्हलपरच्या आधी हायपो ओतला होता. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली, कडेचे आकडेसुद्धा उरले नाहीत! रंगीत रोलला ३८ अंश लागतात आणि त्यात फारशी चूकभूल चालत नाही. तो लॅबला द्या.

खर्चाचं गणित सोपं आहे. रोल, रसायनं आणि धुलाईची बेरीज करून ३६ ने भागा. आलेला आकडा दर वेळी बटण दाबताना आठवेल. हा फिल्मचा गुण म्हणा, जाच म्हणा. मला दोन्ही वाटलंय.

निगेटिव्ह पिढ्यान्‌पिढ्या टिकतं असं सांगणाऱ्यांनी २०१९ चा महापूर आठवावा. निगेटिव्हची दुसरी प्रत नसते. रॉ फाइलची दुसरी प्रत पुण्याच्या बहिणीकडं ठेवता येते. ठेवतो कोण, हा भाग वेगळा.

आता खरी गोम. अंधाऱ्या खोलीत (डार्करूममध्ये) एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, आणि ट्रे मांडून प्रिंट काढणारे थोडेच. बाकीचे निगेटिव्ह स्कॅन करून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडतात. तिथली डॉज (उजळ करणं) आणि बर्नची (गडद करणं) अवजारंही डार्करूममधूनच आलेली. आणि खास स्कॅनर नसेल आणि घरी चांगलं स्कॅन करायचं, तर निगेटिव्हखाली लाइट पॅड, वर मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लावलेला डिजिटल कॅमेरा लागतो. म्हणजे फिल्मवाल्यालाही डीएसएलआर चुकत नाही.

म्हणून आधी डीएसएलआर घ्या. आजोबांच्या कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडून उजेड अडवणारा फोम चिकट झालाय का बघा, झाला असेल तर बदलून घ्या, आणि एकच ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून रंकाळ्यावर जा. डीएसएलआर त्या दिवशी घरी ठेवा.