ब्रूस ली, पोळपाट आणि 'नाही' म्हणणं: सदाशिव पेठेतल्या आठ आठवड्यांच्या वर्गाबद्दल

टिळक रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या हॉलमध्ये शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते आठ असा हा वर्ग भरतो. आठ आठवडे, सोळा तासिका, फी ६,५०० रुपये, म्हणजे तासाला साधारण २७० रुपये. एका तुकडीत सोळा जण, शिकवायला एक सर आणि एक ताई. इथे मारामारी शिकवायचा दावा नाही. ब्रूस लीने घडवलेल्या जीत कुन दो या युद्धकलेतले मोजके प्रकार घ्यायचे आणि त्याचं आत्मविकासाचं तत्त्वज्ञान घरात, ऑफिसात कसं उतरवायचं ते शिकायचं, असा बेत आहे. पहिले पाच आठवडे पैसे पुरेपूर वसूल. शेवटचे दोन मात्र लीच्या विचाराच्या थेट उलट जातात.

सुरुवात सरळ ठोशाने होते आणि तीच या वर्गाची सगळ्यात भक्कम बाजू आहे. बॉक्सिंगमध्ये सहसा जोराचा हात मागे असतो, इथे तो पुढे. डावखुरे नसाल तर उजवा पाय पुढे, मागची टाच किंचित उचललेली, मूठ उभी, कोपर बरगडीच्या रेषेत. हात आधी निघतो, पाय नंतर. खरी गोम पुढे आहे: ठोसा निघण्याआधी शरीर चुगली करतं. खांदा वर चढतो, मूठ इंचभर मागे येते, श्वास ओढला जातो. जोडीदार छातीच्या उंचीवर पॅड धरतो आणि यातलं काहीही दिसलं की पॅड बाजूला घेतो. दहा ठोशांच्या तीन फेऱ्या, मग अदलाबदल. पहिल्या दिवशी दहातले दोन-तीन लागले तरी खूप.

चूक कुठे होते? लोक जोर लावायला बघतात, आणि जोरासाठी हात आपोआप मागे जातो. उपाय असा की ताकद निम्मी करायची, हात सैल सोडायचा आणि पॅडला लागतानाच मूठ आवळायची. ताई प्रत्येकाचा फोन स्लो मोशनवर लावून चित्रण करून घेतात. 'माझा खांदा हलतच नाही' म्हणणारा ते बघून गप्प होतो. तालमीत दंड-बैठका काढलेल्यांना खांदा सैल सोडणं जास्त जड जातं. त्यांनी पहिले दोन आठवडे धीर धरावा.

तिसऱ्या आठवड्यात हेच बोलण्यावर येतं. नकार देताना आपण किती चुगल्या करतो ते बघा: 'अहो, म्हणजे काय आहे, या आठवड्यात जरा पाहुणे आहेत, तसं जमलं असतं, पण...' समोरच्याला तेवढ्यात चार फटी सापडतात. सराव असा: जोडीदार काहीतरी मागतो, तुम्ही एका वाक्यात उत्तर देऊन तीन सेकंद गप्प राहायचं. 'या रविवारी जमणार नाही.' बस्स. इथेही तीच चूक, वाक्य आखूड झालं की आवाज कडक होतो. सरांची सूचना नेमकी आहे: कुणी वेळ विचारली तर ज्या आवाजात सांगाल, त्याच आवाजात नाही म्हणा. वडीलधाऱ्यांशी बोलताना पुढची वाट त्याच वाक्यात ठेवायची: 'काकू, आज नाही जमणार, उद्या सकाळी येते.' ते तीन सेकंद मात्र सोडायचे नाहीत. बहुतेकांचा नकार तिथेच फुटतो.

चौथा आणि पाचवा आठवडा 'रोज थोडं कमी करा' यावर. लीच्या विचारात प्रगती म्हणजे भर घालणं नव्हे, अनावश्यक ते काढून टाकणं. आधी सात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायची, मग आठवड्याला एकच गोष्ट काढायची आणि चौदा दिवस बाहेर ठेवायची. एकदम पाच गोष्टी काढल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून एक. लोक सगळ्यात आधी झोप आणि व्यायाम कापतात, नाहीतर जे आवडत नाही ते. कसोटी एवढीच: हे काढल्यावर काही अडतं का?

यातला स्वयंपाकघराचा गृहपाठ अप्रतिम आहे. सकाळी डबा करताना फोन खिडकीत उभा करून चित्रण करायचं आणि नंतर फक्त दोन गोष्टी मोजायच्या: फ्रिज किती वेळा उघडला आणि ओट्यापासून किती वेळा वळलात. मिरची, कोथिंबीर, लिंबू, दही, कणीक, प्रत्येकासाठी वेगळी खेप असते. एका ताटात सगळं एकदम बाहेर काढायचं, मिसळणाच्या डब्याचं झाकण काढून डब्याखालीच सरकवायचं, पोळपाट आणि तव्यामध्ये पाऊल टाकावं लागू नये असं ठेवायचं. कमीत कमी हालचालीत काम हे तत्त्व पॅडपेक्षा इथे लवकर अंगात मुरतं, कारण हा सराव रोज होतोच.

सहाव्या आठवड्यात ध्येय लिहायचं असतं. जानेवारी १९६९ मध्ये लीने स्वतःचं ध्येय कागदावर उतरवलं होतं: अमेरिकेत सर्वाधिक मानधन घेणारा पहिला आशियाई सुपरस्टार व्हायचं, १९७० पासून जागतिक कीर्ती, १९८० च्या अखेरीपर्यंत एक कोटी डॉलर. त्या बदल्यात आपण काय देणार हेही त्यात होतं, आणि त्या वाक्यावर वर्ग छान भर देतो. पण लीनेच मांडलेला कळीचा फरक इथे सुटतो: स्वतःला साकार करणं वेगळं आणि स्वतःची प्रतिमा साकार करणं वेगळं. तो नसेल तर सोळाच्या सोळा कागदांवर पगार आणि फॉलोअर्सच येणार. आपला कागद लिहून झाला की प्रत्येक ओळीला विचारा: कुणालाच कळलं नाही तरी मी हे करेन का? उत्तर नाही आलं तर ती ओळ खोडा. (वर्गाच्या पुस्तिकेत मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड छापलाय. १९४३ च्या त्याच्या लेखात पिरॅमिड नाही, एवढं दुरुस्त करावं.)

शेवटचे दोन आठवडे तयार साच्यांचे. सकाळचा ठरलेला क्रम, ठरलेली वाक्यं, रंगीत तक्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि 'लेव्हल २' चं आमंत्रण. जे उपयोगी ते घ्या, निरुपयोगी ते टाका, स्वतःचं त्यात घाला, असं सांगणाऱ्या माणसाच्या नावाने सगळ्यांना एकच तक्ता द्यावा हे मनापासून खटकतं. सिएटल, ओकलंड आणि लॉस एंजेलिसला शाळा काढलेल्या लीने १९७० च्या जानेवारीत आपल्या शाळा बंद करायला सांगितलं, लोक पद्धतीलाच सत्य समजतील म्हणून. त्याच्यावर तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचा मोठा प्रभाव होता, आणि कृष्णमूर्तींनीही १९२९ मध्ये स्वतःच्या नावाभोवती उभी राहिलेली संघटना विसर्जित केली होती. त्यांच्या फाउंडेशनची सह्याद्री स्कूल राजगुरुनगरजवळ, आपल्याच जिल्ह्यात आहे. तरीही पुण्यातल्या या वर्गात त्यांचं नाव एकदाही येत नाही. तक्त्याऐवजी तो एक तास त्यांना दिला तरी वर्ग कितीतरी उंचावेल.

शरीराच्या बाजूने दोन तक्रारी. वॉर्म-अप जेमतेम सात मिनिटांचा आणि फरशीवर मॅट नाही. १९७० मध्ये लीची पाठ गेली ती पुरेसा वॉर्म-अप न करता खांद्यावर वजन घेऊन पुढे वाकण्याचा व्यायाम केल्यामुळे. त्यानंतर कित्येक महिने तो अंथरुणाला खिळला आणि वह्याच्या वह्या भरल्या. ही गोष्ट वर्गात प्रेरणा म्हणून सांगतात, मग सात मिनिटांवर भागवणं बरोबर नाही. पंधरा मिनिटं आधी जाऊन मनगटं, खांदे आणि कंबर स्वतःच मोकळी करून घ्या. हाताला बांधायच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या घ्या, तोकड्या पट्ट्या मनगटाला पुरत नाहीत. गुडघा दुखत असेल तर मागची टाच उचलायची नाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, सर बदल करून देतात.

गाडी लावायला जागा नाही. एसपी कॉलेजच्या स्टॉपवर उतरा किंवा स्वारगेट मेट्रोवरून चालत या. पूर्ण फी एकदम मागतात, पण विचारलं तर दोन हप्ते करून देतात. एकट्याने नाव घालण्यापेक्षा घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी सोबत घ्या, कारण पॅडचा आणि नकाराचा सराव आठवडाभर जोडीनेच करायचा असतो. लेव्हल २ ची फी ९,००० आहे. ती भरू नका, त्यातला बराचसा भाग याच पुस्तिकेत आहे.