सेबीचा तक्ता की फ्रान्सचा कायदा?

कंपन्यांसाठी राबणाऱ्यांचे हक्क कशाने जास्त जपले जातील? बीकेसीतल्या सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, 2022-23 पासून बाजारमूल्यात अव्वल 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर' हा सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात मानवी हक्कांचा वेगळा भाग आहे: किमान वेतन, बालमजुरी, वेठबिगारी, वर्षभरात तक्रारी किती आल्या, किती लटकल्या. पुरवठादारांबद्दलचे बरेच प्रश्न मात्र ऐच्छिक. म्हणजे धारावीत पोटमाळ्यावर चामड्याच्या बॅगा शिवणारा, कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराकडचा कारागीर कुठल्या रकान्यात बसणार?

फ्रान्सच्या 2017 च्या, कंपन्यांवर दक्षतेची जबाबदारी टाकणाऱ्या कायद्यात कंपन्या मोजक्याच. देशात किमान 5000 किंवा जगभरात किमान 10000 कर्मचारी असलेल्या. पण उपकंपन्या आणि नेहमीच्या पुरवठादारांकडची जोखीम शोधून ती रोखायचा आराखडा त्यांना करावाच लागतो. कुचराईमुळे नुकसान झालं तर कोर्टात भरपाई मागता येते. माझा कौल इकडेच. अर्थात पॅरिसचा वकील धारावीला परवडणार कसा, हा प्रश्न उरतोच. सेबीचा अहवाल निदान फुकट वाचता येतो.