नाथसागरावर नऊ महिने: होडीतल्या वॉटरप्रूफ स्पीकरचा अनुभव

दसऱ्याच्या सेलमध्ये १,७९९ रुपयांना घेतला होता, आता आषाढ तोंडावर आलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. असे चार वेगवेगळ्या नावांचे स्पीकर उघडून बघितले, आत तोच बोर्ड अन् तीच बॅटरी, वरचा छापा तेवढा वेगळा. तेव्हा हा अनुभव एका कंपनीचा नाही, त्या सगळ्या जातीचा समजा.

वापर कुठे झाला ते आधी सांगतो, कारण घरात वाजवणाऱ्याला यातलं निम्मं लागू होणार नाही. पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरच्या, म्हणजेच नाथसागराच्या काठावर आमचं गाव. मामा मासेमारी करतात, मी दुकान बंद करून संध्याकाळी जाळं टाकायला अन् पहाटे काढायला त्यांच्यासोबत जातो. होडी लाकडी, तशी वल्ह्याचीच. पण मामांनी मधल्या फळीला भोक पाडून बांबू उभा केलाय अन् त्यावर जुन्या ताडपत्रीचं शीड बांधलंय. वाऱ्याच्या विरुद्ध ते काही कामाचं नाही. वारा पाठीमागून असला की मात्र वल्हं आत ओढून घ्यायचं अन् गप्प बसायचं. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा धरणाच्या भिंतीकडे लोटतो, थंडीत बऱ्याचदा उलटं. या गप्प बसण्याच्या वेळेसाठीच मी स्पीकर घेतला. नाथसागर ५५ किलोमीटर लांब अन् रुंद जागी २७ किलोमीटर. मधोमध गेलं की काठ नुसती रेघ दिसतो, माणूस कंटाळतो.

पहिल्याच दिवशी तोंड पडलं. दुकानात काउंटरवर हाच डबा धम धम वाजत होता, पाण्यावर गेल्यावर आवाज पत्र्यासारखा. आधी वाटलं डुप्लिकेट आला. तसं नव्हतं. खोलीत भिंती अन् कोपरे खालचा सूर परत फेकतात, उघड्यावर फेकायला काहीच नाही, सगळा बास हवेत जातो. खूप जागा बदलून बघितल्या. रिकाम्या बादलीत ठेवला तर आवाज वाढतो, पण विहिरीतून कुणी बोलावं तसा. घमेल्यात ठेवला तर घमेलंच वाजतं. शेवटी बसायच्या फळीवर आडवा ठेवून खाली दोरीनं आवळला. फळी थरथरते, ढोलकी जरा भरून ऐकू येते. फायबरच्या होडीत काय होईल ते मी बघितलं नाही.

ब्लूटूथच्या भानगडीत पडू नका. मध्यावर नेटवर्क जातं, ऑनलाइन गाणं अडकतं, फोन बाहेर काढून ओल्या हातानं चाळत बसावं लागतं. मी ३२ जीबीचं मेमरी कार्ड भरून टाकलंय: भारुडं, गवळणी, मामींसाठी जुनी सिनेमाची गाणी, माझ्यासाठी डीजेवाली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात. एफएम पाण्यावर गावापेक्षा चांगलं लागतं, मध्ये ना झाड ना इमारत. पण या मॉडेलला चार्जिंगची वायर लावली तरच एफएम धरतं, वायरच त्याचा एरियल. म्हणजे रेडिओ ऐकायचा तर पोर्टचं रबरी झाकण उघडं. वॉटरप्रूफ वस्तूत ही अक्कल कुणी चालवली कोण जाणे.

आता वॉटरप्रूफचं. खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलंय. त्यातला ७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. एक्स म्हणजे धुळीचा दर्जा दिलेलाच नाही. अन् हे सगळं झाकण घट्ट बसलेलं असताना. स्पीकर तरंगतो, असं त्या आकड्यात कुठेही म्हटलेलं नाही. गिऱ्हाईक हमखास इथेच फसतं.

मला ते जानेवारीत कळलं. काठाला होडी लावताना मी एका हातात जाळ्याची पाटी अन् दुसऱ्या हातात स्पीकर घेऊन उतरलो, पाय गाळात रुतला, स्पीकर सुटला. कमरेएवढं पाणी, गढूळ, वर अंधार. दगडासारखा बुडाला. पण गाणं कार्डावरून चालू होतं म्हणून बंद पडलं नाही. ब्लूटूथवर असता तर हातभर खोलीतच मुका झाला असता, पाणी त्या लहरी पिऊन टाकतं. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. मी खाली वाकून गाळात हात फिरवायला लागलो, तर एका बाजूला बोटांना गुणगुण लागली. भुंगा मुठीत धरल्यावर लागते ना, तशी. त्या अंदाजानं दोन-तीन हात सरकलो अन् सापडला. बाहेर काढला तेव्हा गवळण चालूच होती, फक्त गवळणीच्या तोंडात पाणी. उलटा धरून झटकला, जाळीतलं पाणी निथळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं घोगरा वाजला, मग ठीक. त्या दिवसापासून कड्याला नायलॉनची दोरी अन् दोरीला झाकण लावलेली रिकामी बाटली. जाळ्याला बांधतो तीच युक्ती, आधी सुचायला काय झालं होतं?

आवाज किती ठेवायचा, हे शिकायला मात्र एक संध्याकाळ वाया गेली. डिसेंबरात पाठीमागून मस्त वारा होता, शीड भरलेलं, मी फुल्ल व्हॉल्यूमवर डीजे लावलेला. मामा सुकाण्याच्या वल्ह्यावर. ते दोनदा काहीतरी बोलले, मला ऐकूच आलं नाही. तिसऱ्यांदा ओरडले, "अरे बंद कर ते! वारं काय म्हणायलंय ते ऐकू दे!" बंद करेपर्यंत वाऱ्यानं कूस बदलली, ताडपत्री एका बाजूनं रिकामी झाली अन् फाटकन दुसरीकडे भरली. होडी कलंडली नाही, पण शिडाचा खालचा आडवा बांबू माझ्या कानशिलाजवळून गेला अन् बोटभर पाणी आत आलं. मामा शिव्या देत नाहीत, नुसते बघतात. ते जास्त लागतं.

नंतर त्यांनी सांगितलं ते मी मुद्दाम ऐकायला लागलो. वारा ठीक असला की ताडपत्री गप्प असते. फिरायला लागला की आधी तिची कड बारीक फडफडते, पत्रिका वाऱ्यावर धरल्यासारखी. मग मोठी फडफड, मग झटका. पहिल्या फडफडीला वल्हं वळवलं तर काही होत नाही. पाण्यावरून झोत येताना त्याचीही एक सळसळ असते, ती अंगावर येण्याआधी ऐकू येते. म्हणजे शिडाच्या होडीत कान हे अर्धं सुकाणू, अन् त्यावरच मी डीजे लावला होता. आता नियम असा: शीड वर तर आवाज सोळापैकी चारवर. वारा पडला, शीड गुंडाळलं किंवा नांगर टाकला की मग काय वाजवायचं ते वाजवा.

इअरफोनचाही प्रयोग करून झाला. दोन्ही कानांत तर प्रश्नच नाही. मी एका कानात नेकबँड लावून बघितला. पहाटेच्या धुक्यात कुणाच्या तरी वल्ह्याचा आवाज आला, पण डावीकडून की उजवीकडून हे सांगता येईना. आवाजाची दिशा दोन्ही कानांनी मिळून कळते, एकानं नुसता आवाज कळतो. नेकबँड परत दुकानात लटकवला.

पाण्यावर आवाज किती लांब जातो, याचा मला अंदाज नव्हता. फाल्गुनात, नाथषष्ठीच्या आसपास, मामी काठावरून सांगायच्या आज कोणतं गाणं लागलं होतं. दिवसभराची तापलेली हवा वर अन् थंड पाण्याला लागून थंड हवा खाली, अशा वेळी आवाज वर न जाता खाली वाकतो अन् पाण्याला चिकटून पळतो. मामींना गंमत वाटली. तिकडे उथळात बसलेल्या रोहित पक्ष्यांना वाटली नसावी. सगळा थवा एकदम उठला, खालून पंखांचा लाल रंग दिसला, चांगला दिसला, पण आपल्यामुळे उठला हे कळलं. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पक्षी असलेल्या बाजूला आता बटणच दाबत नाही. वनरक्षकानं सांगण्याची वाट कशाला बघायची?

बॅटरी: बारा तासांचा दावा, पाऊण आवाजावर पाच, चारवर आठ-नऊ. उन्हाळ्यात धरण उतरलं की मामा जुन्या गावठाणापर्यंत जातात. १९७६ ला धरणाचं उद्घाटन झालं, गाव त्याआधीच उठलेलं. आता पाणी ओसरलं की विहिरीचा काठ तेवढा वर येतो. तिथं जाऊन यायला चार तास लागतात, तेवढं भागतं. पण मे महिन्यात काळा डबा उन्हात ठेवला तर हात लावून देत नाही, दोनदा आपोआप बंद पडला. तसाच गरम चार्जिंगला लावू नका. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, अन् आपल्याकडं मेमध्ये सावलीतच बेचाळीस. घरी आणून तासभर माठाजवळ ठेवा, मग लावा.

शेवटचं रडगाणं. मार्चमध्ये पोर्टचं रबरी झाकण बिजागरीपाशी तुटलं. वॉरंटीत द्या म्हटलं तर सर्व्हिसवाले म्हणाले, पोर्टमध्ये ओल दिसते, वॉरंटी संपली. वॉटरप्रूफ स्पीकरला पाणी लागलं म्हणून वॉरंटी नाही! मी अर्धा तास फोनवर भांडलो, मग दुकानातच उघडून पोर्ट साफ केला अन् सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बूच बसवलं. मूळच्यापेक्षा घट्ट बसतं. कुणाला हवं असेल तर या, ट्यूब अजून बरीच उरली आहे.