एआयसाठी एफपीजीए बोर्ड, सहा महिने वापरून

कंपनीचं नाव घेत नाही, कारण यातली अर्धी रड सगळ्याच कंपन्यांच्या बोर्डांची आहे. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं पुन्हा जोडता येणारी चिप. बोर्ड घेतला होता कॅमेऱ्याच्या फ्रेमवर ऑब्जेक्ट डिटेक्शन (चित्रातल्या वस्तू ओळखणं) चालवायला, आणि त्या कामाला एकदम भारी निघाला.

जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, एक फ्रेम लवकर तर दुसरी उशिरा, इथे प्रत्येक फ्रेमला तेवढाच वेळ. अनेक फ्रेमची बॅच भरायची वाट बघणं नाही, मधे ऑपरेटिंग सिस्टिमची लुडबुड नाही, पिक्सेल आत येतात आणि पाइपलाइनमधून सरकत सरकत उत्तर बाहेर. सर्न या युरोपातल्या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेत प्रोटॉनचे गुच्छ सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात, त्यातलं काय ठेवायचं नि काय फेकायचं हे मायक्रोसेकंदांत ठरवायला एफपीजीए वापरतात ते उगीच नाही.

आता रड. मॉडेलमधले आकडे आधी ८ बिटांवर आणा, त्यात एखादा लेयर टूलला झेपला नाही की तो गपचूप सीपीयूवर जातो आणि सगळा स्पीड तिथेच मरतो. स्वतः लॉजिक लिहायला गेलात तर मग काय, रात्री बिल्ड (लिहिलेल्या लॉजिकचं चिपसाठी सर्किट बनवणं) लावून झोपायचं, सकाळी उठून बघावं तर टायमिंग फेल, म्हणजे सिग्नल घड्याळाच्या ठोक्याआत पोचत नाही, तेही नॅनोसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने. डोकं फिरतं राव.

आणि हौसेने एलएलएम (चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल) चालवायला घेणार असाल तर नकाच घेऊ. माझ्या बोर्डची डीडीआर४ मेमरी सेकंदाला १९ जीबीच्या आसपास देते, ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांवर आणलं तरी साडेतीन जीबी होतं आणि दर टोकनला (शब्द किंवा त्याचा तुकडा) ते अख्खं वाचावं लागतं, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच टोकन, बास. लॉजिक कितीही डोकं लावून लिहा, अडतं मेमरीपाशीच.

२०१७ ला मायक्रोसॉफ्टने ब्रेनवेव्ह हे एफपीजीएवर एआय चालवणारं प्लॅटफॉर्म दाखवलं तेव्हा मला वाटलेलं आता डेटा सेंटर एफपीजीएचंच, पण बाजी मारली जीपीयूने. इंटेलने २०१५ मध्ये १६.७ अब्ज डॉलर मोजून एफपीजीए बनवणारी अल्टेरा घेतली नि २०२५ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा विकून मोकळी झाली. पुढे टिकेल ते एएमडीच्या व्हर्सल चिपसारखं मिश्रण असं मला वाटतं, म्हणजे गुणाकार-बेरजेला पक्की एआय इंजिनं आणि सेन्सर जोडायला, डेटा फिरवायला भोवती बदलता येणारं लॉजिक. नुसत्या लॉजिकवर गुणाकार करत बसणं म्हणजे चिपची जागा वाया घालवणं.

पाचपैकी साडेतीन स्टार. हे लिहितोय तेव्हा एक बिल्ड चालूच आहे, चौथा तास.