मगर हलवावी की घाटाला कुंपण घालावे?

ताडोबा तलावातील मगर पर्यटक कौतुकाने पाहतात. तशीच मगर गावच्या तलावात दिसली की मात्र ‘ती पकडून न्या’ हीच पहिली मागणी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने हे काम वन विभागाचेच आहे, आणि मगर नेली की गावाला तात्काळ धीर येतो हे खरे. परंतु मगरीला मूळ जागी परतण्याची ओढ विलक्षण असते. ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलेली खाऱ्या पाण्यातील एक मगर (आपल्या मगरीची ही थोरली चुलत बहीण) २० दिवसांत ४०० किलोमीटरहून अधिक पोहून परतली होती.

श्रीलंकेत नदीकाठी पाण्यातच मजबूत कुंपण उभारून आंघोळीची जागा सुरक्षित केली जाते. धुणे धुणाऱ्या बायांसाठी असा घाट आपल्याकडेही उपयोगी ठरेल. अर्थात पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी करावी लागेल, आणि छातीभर पाण्यात जाळे टाकणाऱ्या ढीवर बांधवांना त्याचा काहीच उपयोग नाही. तरीही मला कुंपणच अधिक पटते; मगर शेतात किंवा वस्तीत शिरली, तरच तिला हलवावे.