शेंगाच्या टरफलांचा कार्बन कॉलम, ९ महिन्यांनंतर: कार्बन चांगला, व्हॉल्वनं घात केला

सोमवारी सप्लायरच्या सर्व्हिसवाल्याशी अर्धा तास फोनवर भांडण झालं म्हणून हे लिहायला बसलोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे मालावर जस्ताचा थर चढवायचं, छोटं युनिट आहे. सांडपाण्यात चुना टाकून पीएच (आंबटपणाचा आकडा, कमी म्हणजे जास्त आंबट) ९ च्या आसपास न्यायचा, जस्त खाली बसवायचं, वरचं पाणी परत साडेपाच-सहावर आणायचं आणि उरलंसुरलं जस्त कॉलममध्ये, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांपासून केलेला कार्बन भरलेल्या उभ्या टाकीत, पकडायचं, हे प्लेटिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको.

सात महिने तक्रारीला जागा नव्हती. बाहेर सोडायच्या पाण्यात जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, माझं एकच्या खाली. मग एका सकाळच्या सॅम्पलचा रिपोर्ट आला ६.८. सप्लायरला फोन केला तर म्हणाले कार्बन संपला, नवीन भरून घ्या, १८ हजार. मीही चिडून शेजारच्या दोन-तीन युनिटवाल्यांना सांगून टाकलं की टरफलाच्या नादी लागू नका, नुसती फसवणूक आहे. ते मी आता मागं घेतो.

कारण रिपोर्ट परत वाचताना खालच्या ओळीत कॉपर दिसलं. माझ्याकडं कॉपरचं कामच नाही, ना टाकीत ना मालावर! दोन दिवस काही सुचेना. शेवटी काम संपल्यावर कॉलमखाली वाकून बॅटरी मारली तर आउटलेटला पितळी बॉल व्हॉल्व. खोलला तर आतून पिवळा राहिलाच नव्हता, तांब्यासारखा लालसर झालेला आणि स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं की भुसभुशीत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की. आंबट, क्लोराइडचं पाणी रात्रभर त्यात साचायचं, व्हॉल्वमधलं जस्त सुटायचं आणि सकाळच्या पहिल्या बादलीत यायचं. आधीची सगळी सॅम्पल दुपारी, पाणी चालू असताना घेतलेली, म्हणून कधी कळलंच नाही.

२२० रुपयांचा पीव्हीसी व्हॉल्व आणून लावला. कार्बन तोच, सकाळचंच सॅम्पल, ०.९. कॉपर गायब.

हेच त्या सर्व्हिसवाल्याला सांगितलं तर म्हणतो, पितळी व्हॉल्व स्टँडर्डच येतो, तुमचं पाणीच खराब. अहो, खराब आहे म्हणूनच तर कॉलम घेतला ना! पाण्यातलं जस्त काढायचं सामान विकता आणि तोंडाशीच जस्ताचा व्हॉल्व बसवता, आणि वर त्याचं खापर कार्बनवर फोडून १८ हजार मागता. हे मला अजून पचलेलं नाही. तुम्ही असा कुठलाही कॉलम घेणार असाल तर बाकी नंतर बघा, आधी व्हॉल्व बघा, नोजल बघा, प्रेशर गेजचा सांधासुद्धा बघा.

कार्बनबद्दल थोडं. सुरुवातीचे दोन दिवस काळी भुकटी येते, उलटं पाणी मारून धुवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम पण कार्बनवर जागा अडवतं, त्यामुळं धुवायला मी पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी साठवून वापरलं तेव्हा कॉलम जास्त दिवस चालला. कार्बन जस्तानं भरला की पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुतो, सुटलेलं जस्त परत चुन्याच्या टाकीत. असं तीनदा केलंय, दर वेळी ताकद थोडी कमी होते पण १८ हजारांपुढं ॲसिडचा कॅन काहीच नाही.

पॅसिव्हेशनचं (प्लेटिंगनंतर जस्तावर क्रोमियमचा संरक्षक थर द्यायचं) पिवळं पाणी मात्र यात सोडू नका. मी पहिल्या महिन्यात सोडलं आणि खालून पिवळंच आलं. जस्ताला पीएच ५-६ मानवतो, त्या पिवळ्या पाण्यातलं सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) याच कार्बनवर धरायचं तर पीएच २-३ वर आणावं लागतं. त्याची मर्यादा पण कडक, लिटरला ०.१ मिलिग्रॅम. आता त्याची टाकी वेगळी केलीये, त्यात आधी क्रोमियमचं विषारी रूप मोडायला बायसल्फाइट आणि मग ते खाली बसवायला चुना.

वापरून संपलेला कार्बन शेतात खत म्हणून टाका असं एकानं सुचवलं. अजिबात नाही. टरफल होतं तेव्हा खत होतं, आता त्यात जस्त भरलंय, आणि जाळलं तरी ते राखेतच राहणार. माझ्या मागच्या ओढ्यावर पुढं लोकांची ज्वारी आहे. संपलेला कार्बन मी गाळाच्या पोत्यांबरोबरच रांजणगावला, घातक कचऱ्याच्या केंद्रात, पाठवणार, भाडं पडलं तरी चालेल.

पुढचा कार्बन याच प्रकारचा घेणार, पण या सप्लायरकडून नाही. जुना व्हॉल्व टेबलावर ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर या.