ओआरएसची पुडी: पुडीतली पूड पैकीच्या पैकी, वेष्टन काठावर पास

जुलाब झालेल्या मुलासाठी ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायची क्षार-साखरेची पूड, मागितलं की हातात तीनपैकी काहीही पडू शकतं: एक लिटरची पुडी, २०० मिलीची छोटी पुडी, नाहीतर ओआरएसचा आव आणणारं गोड पेय. पहिली घ्यावी. दुसरीही चालेल. तिसऱ्याला जुलाबात हात लावू नये.

पुडी उलटी करून मागचं वाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००२ मध्ये स्वीकारलेलं प्रमाण लिटरमागे असं आहे: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. हे आकडे जुळले की कंपनी कोणती याने काही फरक पडत नाही. त्याआधीचं द्रावण जास्त दाट होतं. त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरभर द्रावणात विरघळलेल्या कणांचं माप, ३११ होती, आताच्याची २४५ आहे. एवढ्या बदलाने मुलांमध्ये शौचाचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी आणि उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या, शिवाय सलाइन लावायची वेळ साधारण एक तृतीयांशाने घटली.

यातली साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे ओढलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट शाबूत राहते, म्हणून तोंडाने दिलेलं पाणी अंगी लागतं. साखर वाढली की मात्र उलटं होतं: आतड्यात पाणी उतरतं आणि जुलाब वाढतात. तयार गोड पेयांची अडचण हीच. साखर भरमसाट, सोडियम नावापुरतं.

पूड निर्दोष आहे, पण ती वापरताना चूक होते आणि बहुतेक वेळा ती पाण्याच्या मापात होते. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ओतली तर द्रावण पाचपट दाट होतं आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. पाणी जास्त झालं तर क्षार पुरे पडत नाहीत. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हाही घोळच, कारण पुडीतले चार घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही आणि उघडी पुडी ओल धरते. पुडी पूर्ण रिकामी करायची, लिटरच्या पुडीसाठी पाणी लिटरची खूण असलेल्या भांड्याने किंवा लिटरच्या रिकाम्या बाटलीने मोजायचं. पाणी उकळायचं असेल तर आधी उकळून निववावं. पूड घातल्यावर उकळू नये. दूध, फळांचा रस किंवा वरून साखर घालायची नाही. २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करायचं.

द्यायचं किती? प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्यापुढच्यांना हवं तेवढं. उलटी झाली की लोक थांबतात ते थांबतातच. दहा मिनिटं थांबावं, मग चमच्याचमच्याने, आधीपेक्षा सावकाश पाजावं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवावं. मूल मलूल पडलं, त्याला पिता येईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसलं, तर पुडीवर विसंबू नये, दवाखाना गाठावा.

या उत्पादनाची खरी उणीव वेगळीच आहे: ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. गेलेलं पाणी आणि क्षार भरून निघतात, शौच चालूच राहते. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून आई बाटली बाजूला ठेवते आणि प्रतिजैविक मागते. बिहार आणि कर्नाटकातल्या खाजगी डॉक्टरांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ओआरएस न देण्यामागे साठा नसणं किंवा नफ्याचा हिशोब यांपेक्षा ‘पेशंटला हे नकोच असतं’ हा डॉक्टरांचा समज जास्त भारी होता. असा समज पुडी कितीही चांगली केली तरी जाणार नाही.

तो कशाने जातो, याचे दाखले आहेत. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. पुढे १९८०च्या दशकात बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या. एक कोटीहून जास्त घरं झाली. यातली विलक्षण गोष्ट म्हणजे त्यांचा मेहनताना किती घरं फिरल्या यावर नव्हता, तर नंतर तपासणीला आलेल्या माणसाला आया किती नीट सांगू शकतात यावर होता. आरोग्य कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने ही पगारपद्धत अभ्यासावी.

पुडीकडून जास्तीची अपेक्षा मात्र नको. पाणी दूषित आणि शौचालय नसलेलं, तर तेच मूल पुन्हा पुन्हा आजारी पडणार. मृत्यू टाळायला पुडी, आजार टाळायला स्वच्छ पाणी, साबणाने हात धुणं, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध आणि रोटाव्हायरसची लस. एकाचं काम दुसरं करत नाही. आजही जगात पाच वर्षांखालची सुमारे ४.४ लाख मुलं दरवर्षी जुलाबाने दगावतात, ती ही दोन्ही कामं अपुरी राहिल्यामुळे.

खरेदी करणाऱ्यांनी पुड्या आणि झिंकच्या गोळ्या एकत्र असलेला संच घ्यावा. २०१९ पासून तो जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण. वेष्टनावर पाण्याचं माप ठळक आणि चित्रात हवं. ते बारीक अक्षरांत कोपऱ्यात असेल तर तो माल परत करावा. पुडीत पूड मोकळी सरकते का ते बोटांनी चाचपावं. कडक गोळा किंवा तपकिरी रंग म्हणजे ओल शिरली आहे. आणि आरोग्य केंद्रावर पुडी देताना पहिलं लिटर आईकडूनच, तिच्या घरच्यासारख्या भांड्यात, समोर करून घ्यावं.